वळणावरची पाचवी बाटली

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, रंगाच्या कारखान्यातील निवृत्त कामगार आणि एका नळजोडणीवाल्याची विधवा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही की गोड बोलून लिहून घेतलेले नाही. शाळा दुसरीपर्यंतच झाली; पुढचे वाचन बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांवरून आणि रद्दीतून शिकले. तेव्हा भाषा वकिली नसली तरी अर्थ पक्का धरावा.

एक. राहते घर, म्हणजे दोन खोल्या आणि मागची मोरी, मुलगी व मुलगा यांना समान. मोरीच्या दाराची कडी थोडी उचलून ओढावी लागते. मुलगा ते दार लाथेने उघडतो, ते त्याने सोडावे. हे घर आम्हाला कसे मिळाले ते कलम पाचमध्ये आहे. ते वाचून कोणाला इथे राहावेसे वाटले नाही, तर माझी हरकत नाही.

दोन. बँकेतील शिल्लक मुलीला. माझ्या आजारपणात रजा काढता काढता तिची नोकरी गेली. मुलाने यावर कुरकुर करू नये.

तीन. यजमानांची हत्यारे मुलाला. त्यांना जाऊन नऊ वर्षे झाली. पान्याला गंज चढू नये म्हणून मी दर महिन्याला तेलाचा हात फिरवते आणि फिरवताना त्यांच्याशी बोलते. मुलाने बोलायची सक्ती नाही, तेल मात्र लावावे.

चार. पुस्तके वाचनालयाला. त्यांतली दोन जाऊबाईंनी बावीस वर्षांपूर्वी वाचायला नेली. त्यांना वाचता येत नाही हे साऱ्या घराला ठाऊक आहे. ती त्यांच्याकडेच राहू द्यावीत, पण मी विसरले नव्हते एवढे त्यांना कळवावे.

पाच. ज्यासाठी कागद घेतला ते आता लिहिते. कारखान्यात माझे काम नदीचे पाणी तपासणीसाठी भरण्याचे. दर सोमवारी सहा ठिकाणी सहा बाटल्या भरायच्या, चिठ्ठ्या लावायच्या, तपासणीचा निकाल आला की वहीत नोंद करायची. पाचवे ठिकाण जुन्या वजनकाट्यामागचे वळण. एका सुटीच्या दिवशी, भर दुपारी, साहेबांनी माझ्या यजमानांकडून तिथे पाण्याखाली एक पाइप बसवून घेतला. रंगाचे सांडपाणी त्यातून जाऊ लागले. मला साहेब म्हणाले, "बाई, पाचवी बाटली वरच्या पुलापाशी भरत जा. नदी काय, सगळी एकच."

यजमानांना हे घर मिळाले. मी अकरा वर्षे पाचवी बाटली पुलापाशी भरली आणि चिठ्ठीवर 'वळण' असे लिहिले. साहेबांना मी माफ करत नाही. पण बाटली माझ्या हातात होती आणि अक्षरही माझेच होते.

मुला, तू नऊ वर्षांचा असताना त्या वळणावर पोहून आलास आणि अंगभर फोड उठले. मी तुला छडीने मारले. का, ते सांगितले नाही. तू अजून म्हणतोस, "आईचा हात फार चालायचा." हात चालायचा, जीभ रेटत नव्हती.

शेवटच्या दुखण्यात यजमान म्हणाले, "अगं, तो पाइप कुणाला तरी दाखवून ये." मी म्हटले, "गप पडा, औषध घ्या." ते गप पडले. चार दिवसांनी बोलणेच संपले.

सहा. नदी साफ करणाऱ्या इंजिनियरबाई गेल्या वर्षी माझ्या वह्या घेऊन गेल्या. कारखाना बंद पडला, जुन्या नोंदी माझ्याकडेच उरल्या होत्या. परवा त्या मानपत्र घेऊन घरी आल्या. म्हणाल्या, "मावशी, तुमच्या वह्यांनी काम किती सोपं केलं! वळणावरचा गाळ उपसायची गरजच नाही. तिथं आपण पायऱ्या बांधतोय, पोरांना पोहायला." मी चहा केला, साखर घालायची विसरले. त्या म्हणाल्या, "असू दे हो, मला गोड चालतच नाही." मी हसले. तेवढेच केले.

मानपत्र परत करावे. वळणाची नोंद खोटी आहे. खरी अशी: वजनकाट्याच्या भिंतीच्या कोपऱ्यापासून प्रवाहाच्या दिशेने सात पावले, पाण्याखाली हातभर, फरशीआड पाइपाचे तोंड आहे. तिथे काठी खुपसली की जांभळा गाळ वर येतो. तो काढल्याशिवाय एकही पायरी बांधू नये.

सात. एवढे लिहून शेजारच्या शिंपीणबाईंना साक्षीला बोलावले. त्यांनी सगळे वाचले आणि चष्मा काढला.

"हे उघडणार कधी?"

"मी गेल्यावर."

"आणि पायऱ्या?"

"पुढच्या महिन्यात."

"तू कसली जातेस मेले! अजून दहा वर्षं आमच्या उरावर बसशील."

त्यांनी थट्टा केली, पण मला मान वर करवेना. मेल्यावर उघडणारा कागद मी मुद्दामच निवडला होता, कोणाच्या तोंडाकडे बघावे लागू नये म्हणून.

म्हणून असे ठरवते. कलम एक ते चार माझ्या मृत्यूनंतर लागू व्हावीत. पाच आणि सहा आजपासून लागू आहेत. ती मी स्वतः इंजिनियरबाईंच्या कचेरीत उभी राहून वाचणार आहे. दोन्ही मुलांना तिथेच बोलावले आहे.

व्यवस्था पाहणार: माझी मुलगी.

साक्षीदार: शेजारच्या शिंपीणबाई (सही). औषधाच्या दुकानातले काका (सही, यांनी फक्त सही पाहिली, मजकूर वाचलेला नाही. आज संध्याकाळपर्यंत त्यांनाही कळेल).

लिहून देणार: (सही)

ठिकाण: माझे स्वयंपाकघर. तारीख चौदा, सकाळचे दहा. कचेरी अकराला उघडते.