कशासंगं काय चालते

१२ ऑगस्ट २०१८, रविवार

चि. सौ. दीपमाला,

तुझ्या मायचा जय भीम घे, अन् जावईबापूले बी सांग. इकडे मी अन् तुझा पोट्टा संघर्ष दोघं बरे आहोत. औंदा पाणी टायमावर आलं. कापसाची पऱ्हाटी कंबरेले लागली. बकरीनं दोन पिल्लं देल्ले, दोन्ही माद्या. एकीच्या कपाळावर पांढरा चांद आहे, दुसरी निरी काळी. पुण्याले पाणी किती पडलं ते कळवजो.

तू म्हणशीन, माय फोन सोडून पत्र काहून लिवून राह्यली. बाई, आपली खोली एक. फोनवर बोललं का पोट्टं सारं आयकते. अन् साक्षरतेच्या वर्गात बाईनं मले अक्षरं शिकवले ते कायच्यासाठी? बारा वर्सं झाले, रेशनच्या सहीवरच चालले ते. काना मात्रा चुकन, तेवढं पोटात घाल.

आता खुशखबर. घरातल्या लाइनचं काम झालं अन् मे महिन्यात आणलेला कॉम्पुटर सुरू झाला! दीपमाला, काय सांगू तुले. डब्याच्या आत निळा लाइट लागते, पंखा फिरते, अन् पडद्यावर रस्ता येते. डांबरी रस्ता, दोन्ही बाजूले झाडं, अन् आपला संघर्ष गाडी हाणते. मी मांगं बाजीवर बसून पाह्यते तर वळणावर माहं बी अंग वळते. शेजारची सुखीबाई पाह्याले आल्ती. ती म्हणे, "नलू, तू कायले वाकडी होऊन राह्यली, गाडी त्याची आहे." मी म्हटलं, "बसली तर आहो ना मी गाडीत."

पण एक पार्ट राह्यला. त्याले ग्राफिक कार्ड म्हणते. ते नसलं तरी कॉम्पुटर चालते, पण मोठा गेम अटकून अटकून चालते. आता पोट्टा म्हणते, पोळ्यापर्यंत मारोतरावाच्या वावरात कामाले जातो अन् कार्ड आणतो. त्यानं जाऊ नये, असं मले वाटते. त्याच्याचसाठी हे पत्र आहे. काहून जाऊ नये ते सांगते, पण सुरुवातीपासून सांगू दे. मधातून सांगनं मले जमत नाही.

मे महिन्यात आम्ही दोघं येष्टीनं यवतमाळले गेलो. तू पाठवलेले अन् त्यानं मजुरीतून जमवलेले, असे पैसे होते. तिथं रूपसिंग नावाच्या माणसाचं कॉम्पुटरचं दुकान आहे, दारव्ह्याकडचा आहे, माणूस चांगला. संघर्षानं घरूनच वहीत लिवून नेलं होतं. वर्सभर मोबाइलवर पाह्यून पाह्यून त्यानं बाण काढले होते, हे याच्यासंगं चालते, हे त्याच्यासंगं चालत नाही. मले वाटे, कॉम्पुटर म्हंजे टीव्हीसारखा एक डबा, पैसे देल्ले का घेऊन या. तसं नसते. एक एक पार्ट निवडा लागते. साडीवर पोलकं निवडतो त्याच्याहून बी जास्त बारकाईनं.

रूपसिंगनं टेबलावर एक हिरवी पाटी ठेवली. म्हणे, "आजी, हा मदरबोर्ड. सगळे पार्ट ह्याच्यावर बसते." मी म्हटलं, "म्हंजे माय आहे. सारे मांडीवर." तो हासला. मंग त्यानं प्रोसेसर दाखवला, बिस्किटाएवढी चांदीची टिकली, अन् तिची किंमत बकरीहून जास्त! मी म्हटलं, "भाऊ, ही हरपली तर?" तो म्हणे, "आजी, म्हणून तर आधीच बसवून देतो."

कार्डाचा भाव आयकून पोट्ट्याचं तोंड उतरलं. रूपसिंग म्हणे, औंदा कार्ड महाग झाले, कुठंतरी लोकं रात्रंदिवस कॉम्पुटर चालवून त्या कार्डातून पैसे काढते. मी म्हटलं, कार्डातून पैसे तर बँकेत काढते. दोघं बी असे हासले, का मले काय झालं ते समजलंच नाही. मंग ठरलं, प्रोसेसर असा घ्याचा का त्याच्यातच थोडंसं चित्र काढाची ताकद असते. कार्ड मांगून लावू.

एका गोष्टीत माहं चाललं. डब्यात लाइन घेणारा एक पार्ट असते, एसएमपीएस. संघर्ष तिथं पैसे वाचवाले पाह्ये. मी म्हटलं, "नाही. आपल्या गावात लाइन कधी मेल्यासारखी येते, कधी अंगावर धावून येते. मारोतरावाची विहिरीवरची मोटर दोन वेळा जळली. हा पार्ट भारी घे अन् पडदा लहान घे." रूपसिंग टेबलावर हात आपटून म्हणे, "पोरा, तुझी आजी इंजिनेर आहे." तवापासून संघर्ष मले इंजिनेर म्हणते. चहा मागाचा तरी, "इंजिनेरबाई, चहा."

बिलावर मी एकेका पार्टाचा नंबर लिवून घेतला अन् खोके सारे घरी आणले. बियाण्याची थैली जपतो, तसे पलंगाखाली जपून ठेवले. मांगच्या साली बोंडअळी आली तं ज्याच्यापाशी बिल अन् थैली होती, त्याचीच तक्रार लागली ना.

मंग एक झालं. संघर्षानं स्वस्तातली एक रॅम उचलली अन् म्हणे, ही लावून पाहू. रूपसिंगनं त्याच्या हातून काढून घेतली. म्हणे, "ही ह्या बोर्डासंगं नाही चालत. लावून पाहाचं नसते, बाबू. आधी विचाराचं, मंग लावाचं." त्यानं सहज म्हटलं. मी बाहेर येऊन रसवंतीवर बसली. रस बी नाही पेली. संघर्ष बाहेर येऊन म्हणे, "आजी, ऊन लागलं का?" मी म्हटलं, "हो, ऊन लागलं."

दीपमाला, मांगच्या साली दसऱ्याच्या टायमाले मी तुले फोनवर सांगतलं होतं, संघर्षाले टायफाइड झाला. टायफाइड नव्हता.

त्याले फवारणी लागली होती. त्या साली आपल्या जिल्ह्यात बमच लोकाईले लागली, तू टीव्हीवर पाह्यलं असन. पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेल्ती. चार्जिंगचा पंप वरून मारा लागे अन् दवाई तोंडावर पडे. मारोतरावाच्या वावरात तिसऱ्या दिवशी दुपारी तो म्हणे, "आजी, मले तू दोन दिसून राह्यली." मंग ओकारी झाली, तोंडाले फेस आला. मारोतरावानंच गाडी काढली अन् यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. नऊ दिवस होता. डाक्टर लोकाईनं रात्रंदिवस पाह्यलं, खोटं कायले सांगू. पहिले तीन दिवस हात पट्टीनं पलंगाले बांधले होते, कारण तो सुया उपटे. त्या वार्डात तसे लय जण बांधलेले होते. बाजूच्या पलंगावरचा माणूस चौथ्या दिवशी तिथं नव्हता. घरी आल्यावर बी महिनाभर त्याले धुकट दिसे.

मारोतराव रोज डबा घेऊन ये. मोहल्ल्यातले लोकं त्याले बोलले, तुहीच दवाई होती म्हणून. मी बी बोलणं सोडलं त्याच्याशी. त्याच्या घरासमोरून मान वळवून जात होती.

तुले तवा सांगतलं असतं तं तू काम सोडून आली असती. म्हणून नाही सांगतलं. असं समज.

आता तू एक कर. येत्या रविवारी फोन कर अन् संघर्षाले म्हण, फवारणीले जाशीन तं माह्याशी बोलू नको. तू म्हटलं तं तो आयकन. मी नाही म्हणू शकत. काहून ते विचारू नको.

१४ ऑगस्ट, मंगळवार

पत्र अजून घरीच आहे. बाजाराच्या दिवशी राळेगावले जाईन तवा पेटीत टाकीन. तोवर एक झालं, ते लिवते.

आज सकाळी मारोतराव दारात आला. संघर्ष आतमंधी गेम खेळून राह्यला होता. मारोतराव म्हणे, "नलूबाई, गड्याची लय अडचण आहे. मास्क आणला, हातमोजे आणले, चष्मा बी आणला. मजुरी वाढवून देतो. संघर्षाले पाठवता का?"

आतून संघर्ष म्हणे, "येतो काका. उद्या झेंड्याची सुट्टी. परवापासून येतो."

मले वाटलं, तुह्या फोनचा रविवार आता कुठं येते. मी उंबरठ्यावर उभी राह्यली. म्हटलं, "नाही येत तो."

"आजी!"

"तू मधात बोलू नको. मारोतराव, मांगच्या साली तुमी मले किती दवाया देल्ल्या होत्या कालवाले?"

तो म्हणे, "दोन बाटल्या. दोन्ही दुकानदाराले विचारून आणल्या होत्या. मी काय आता कोर्टात उभा राहू का, नलूबाई?"

तुले माहीतच आहे, आपल्याकडे बाया पाणी आणते, ड्रमात दवाई कालवते अन् माणसं फवारा मारते. त्या वावरात पाणी माहं, कालवणं माहं. मी म्हटलं, "ड्रमात तीन होत्या. तिसरी पुडी मी टाकली. आधीच्या फवारणीची अर्धी उरली होती, बांधावर दगडाखाली ठेवलेली. पावसानं भिजन, वाया जाईन म्हणून मी टाकली अन् काडीनं ढवळली. कोणाले विचारलं नाही."

बाई, मीठ उरलं तर आपण वरणात टाकतो, शिळी भाकर कुटून खातो, चिंधीची सातरी शिवतो. जन्मभर तेच केलं. वाया जाऊ देनं मले येतच नाही. अन् त्याले फवारणीले पाठवलं बी मीच होतं. तो म्हणे, मी सोयाबीन सोंगाले जातो. मी म्हटलं, "जाय पंपावर, डबल भेटते. तुहा कॉम्पुटर लवकर होईन."

मारोतरावानं हातातलं सामान ओसरीवर ठेवलं. मंग म्हणे, "दहा महिने झाले, नलूबाई. माही बायको मले विचारे, खरं सांगा, काय पाजलं तुमी त्या पोराले. अन् तुमी मान वळवून जात होत्या." शिवी देल्ली असती तं बरं झालं असतं. त्यानं चप्पल घातली अन् गेला. मास्क, हातमोजे ओसरीवरच राह्यले.

मी आत पाह्यलं. संघर्षाची गाडी रस्त्याच्या मधात उभी होती. मांगून दुसऱ्या गाड्या येऊन तिले धडकत होत्या. त्यानं माह्याकडे पाह्यलं नाही. भाजी वाढली ती खाल्ली.

१६ ऑगस्ट, गुरुवार

दोन दिवस तो माह्याशी बोलला नाही. इंजिनेर म्हटलं नाही. काल झेंड्याले गेला, आला, झोपला. मी बकरीच्या पिल्लाईले घेऊन बसत होती.

आज त्याचा कामाले जाण्याचा दिवस होता. सकाळी उठला, तोंड धुतलं, अन् ते मास्क, हातमोजे उचलले. मले वाटलं, चालला. मी दारातून सरकली. अडवाची माही काय लायकी राह्यली?

तो मारोतरावाच्या घरी गेला अन् सामान वापस देऊन आला. येऊन चुलीपाशी बसला. म्हणे, "पुडीवर काय होतं, आजी? आठवते का?"

मी म्हटलं, "लाल चौकोन होता. लिवलेलं बारीक होतं, मले वाचता नाही आलं."

"वाचता नाही आलं तं मले काहून नाही विचारलं? मी दहा पावलांवर होतो."

दीपमाला, दहा पावलांवरच होता तो. मी म्हटलं, "मले वाटलं, दवाईच तं आहे. दवाईत दवाई."

तो लय वेळ काडीनं राख उकरत बसला. मंग मीच म्हटलं, "तुह्या कार्डाचं कसं करशीन?"

म्हणे, "नाही लागत. गेमची सेटिंग कमी केली का चालते. झाडं धुकट दिसते, एवढंच."

"मंग मजा काय राह्यली?"

"मांगच्या साली खरे झाडं बी महिनाभर तसेच दिसले मले. आदत आहे." असं म्हणून तो उठला. दारात थांबून म्हणे, "मायले तू सांग. मी नाही सांगणार."

म्हणून पत्र फाडलं नाही. वर मी तुले लिवलं होतं, तू काम सोडून येशीन म्हणून नाही सांगतलं. ते खरं नव्हतं. तू आली असती तं वार्डात डाक्टरनं तुह्यासमोर विचारलं असतं, काय काय कालवलं होतं. मले विचारलं तवा मी दोनच नावं सांगतले.

आज मारोतरावाच्या घरी गेली होती. त्याची बायको पाणी घेऊन आली, बस म्हणे. मी तिले सारं सांगतलं. पाणी पेली नाही, आता ते मले त्या घरात कसं उतरन. परत येतांना मान वळवली नाही.

पत्र भेटल्यावर तू फोन करशीन. संघर्षाले काही विचारू नको, त्यानं त्याचं ठरवलं आहे. फोन मले द्याले सांगजो. जे बोलाचं ते बोल, मधात नाही बोलणार मी. तू नाहीच बोलली तरी समजीन.

जावईबापूले जय भीम. वाचून दाखवाचं का नाही, ते तू पाह्य.

तिसरी पुडी टाकणारी
तुझी माय,
नलू