स्टार्ट की बिगिन

४ फेब्रुवारी
दातांच्या दवाखान्यातून फोन. काउंटरवरचं काम आहे, सोमवारी भेटायला या, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. धाकटी झाल्यापासून मी घरीच.

नवऱ्याला सांगितलं. हा क्लासमध्ये इंग्रजी शिकवतो, तेव्हा आनंद वगैरे नाहीच. “‘व्हेन कॅन यू स्टार्ट’ विचारतील. काय सांगशील?”

“उद्यापासून.”

“अगं, पण स्टार्ट की बिगिन?”

झालं!

५ फेब्रुवारी
जेवताना प्रवचन. स्टार्ट म्हणजे झटक्यात. गाडी स्टार्ट होते, बिगिन होत नाही. (आमची स्कूटर दोन्ही होत नाही.) बिगिन सावकाश, गोष्टीसारखं. कमेन्स कोर्टात, समारंभात. लाँच करायचं ते रॉकेट, नाहीतर साबण. दातांच्या दवाखान्यात कमेन्स कोण म्हणतं, विचारलं. “सुशिक्षित माणसं.” असेल बाई.

६ फेब्रुवारी
हॉलची एक भिंत रंगवून आमच्या या मास्तरांनी ब्रश खाली ठेवला तो ठेवलाच. वाळून दगड झालाय. त्याला कोणतं क्रियापद, ते नाही शिकवत. रोज सकाळी उठून याचा डबा भरायचा आणि वर याचंच ऐकायचं.

७ फेब्रुवारी
आज चक्क परीक्षा घेतली माझी. हा खुर्चीत डॉक्टर होऊन बसलेला. मी स्टार्ट म्हटलं की मान हलवायची, बिगिन म्हटलं की उसासा. शेवटी म्हणे, “तुझी तयारी नाही गं अजून. घाई कसली?” आवाज इतका गोड की किळस आली.

९ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाई माझं नाव ऐकून गोंधळल्या. “तुम्ही कशा आलात? शनिवारी तुमच्या मिस्टरांचा फोन होता. तिला जमणार नाही, दुसरं कोणी बघा म्हणाले.”

आठवडाभराचं इंग्रजी कशासाठी होतं ते उभ्या उभ्या कळलं. कुठल्याच शब्दानं मी सुरुवात करू नये, एवढंच हवं होतं त्याला.

“मला जमेल,” मी म्हटलं. “कधीपासून येऊ?”

“उद्याच या की.”

संध्याकाळी हा चेहरा पाडून, “काय गं, नाही ना झालं? तरी सांगत होतो.” मी भाजी चिरत राहिले. दोन महिने नीट अभ्यास कर म्हणाला.

१० फेब्रुवारी
सकाळी एकच डबा भरला. माझा.