खिशाकडची वाट

शनि., ५ एप्रिल

सापडला! हायवे सोडून आर्टिचोकच्या शेताला वळसा घातला, सायप्रसच्या कुंपणाशी आलो, तर झुडपात झिजलेली लाकडी पाटी: ‘समुद्राकडे’. बाण अर्धा तुटलेला. दिलीपच्या गुडघ्यामुळे मी नको म्हणत होते. तोच पुढे निघाला. उतार आहे, पण पायऱ्या नाहीत, त्यामुळे जमलं. खाली दोन कड्यांच्या बेचक्यात हातरुमालाएवढी वाळू. माणूस नाही, रेंज नाही. खडकावर दोन सील, लग्नातल्या म्हाताऱ्या काकांसारखे आमच्याकडे बघत पडलेले.

थालीपीठ, दही. ‘कोव्ह’ला मराठीत काय म्हणावं? खाडी नव्हे, आखात तर नव्हेच. माझं चाललं होतं, तेवढ्यात दिलीप म्हणाला, “खिसा म्हण.” ठरलं.

लग्नाआधी नागपुरात नववीला भूमध्यसागरी हवामान शिकवायचे. कोरडे उन्हाळे, हिवाळी पाऊस, ऑलिव्ह, द्राक्षं. जगातले मोजकेच किनारे, त्यात कॅलिफोर्निया. नकाशावर काठी आपटून. तेव्हा त्यातल्या एकाही वाळूला पाय लागला नव्हता.

परतताना दिलीप: “नोंद कर. आज तू चक्क गप्प बसलीस.”

रवि., ६ एप्रिल

मंडळाच्या ग्रुपवर खिशाचा फोटो टाकायला घेतला. खोडला. पुन्हा घेतला. खोडला. चांगलं ते चव्हाट्यावर मांडावं, हे मी जन्मभर स्टेजवरून सांगत आले. मग हे काय? लोभ. दुसरा शब्द नाही.

शनि., १९ एप्रिल

फाटक! नवंकोरं, काळं, कुलूपबंद. ‘प्रायव्हेट प्रॉपर्टी’. जुन्या पाटीचा खांब बुंध्याशी कापलेला, भुसासुद्धा ताजा. शेजारचं घर घेतलेला तरुण कुत्र्याला घेऊन आला. नाव ब्रेंडन. नम्र, हेच वाईट. “सॉरी मॅम, लायबिलिटी. कोणी पडलं तर?”

मी म्हटलं, आम्ही पडू, आमचे आम्ही उठू. आणि सुरू झाले. समुद्र कुणाच्या बापाचा नाही, वाट वापरणाऱ्याची असते, वगैरे. बराच वेळ. कुत्रा मध्येच भुंकला तर त्यालाही गप्प केलं. दिलीप दंड धरून: “अगं, त्या कुत्र्याला तरी बोलू दे.”

घरी येईपर्यंत बोलले नाही. हा महिन्यातला दुसरा विक्रम.

बुध., ३० एप्रिल

केतकीनं शोधून काढलं: काउंटीच्या कचेरीत तक्रार करता येते, त्यावर सुनावणी होते. १३ मे. कोणीही बोलू शकतं.

“पण आई, यू गेट टू मिनिट्स.”

“दोन मिनिटांत मी पदर खोचते.”

“एक्झॅक्टली. सो डोन्ट वेअर अ साडी.”

फिजिओथेरपिस्ट आहे, माणसांना वाकवायची सवय. बापाचा गुडघा तिनेच सरळ केला.

रात्री जेवताना दिलीपनं विचारलं, जिंकलीस तर काय होईल माहितीये? मोठी पाटी, पार्किंग, पोर्टेबल संडास, मंडळाच्या तीन व्हॅन. “मग तो खिसा उरत नाही.” म्हटलं, तत्त्व म्हणजे तत्त्व. तो म्हणाला, हो, आणि सील म्हणजे सील.

हरले तर आम्ही कधीच जाणार नाही. जिंकले तर सगळेच जाणार. तरी बोलणार. न बोलता राहिले तर मी कोण?

रवि., ११ मे

तालीम. केतकी फोनवर टायमर लावून सोफ्यावर. पहिल्या खेपेला साडेसहा मिनिटं. किनारा सगळ्यांचा म्हणणारा रोमन कायदा गेला. मिठाचा सत्याग्रह गेला. तो काढताना भांडण. शेवटी उरलं ते असं: वाट जुनी, पाटी होती, खांब कापलाय, येऊन बघा. एकेक वाक्य चिमटीत धरण्याएवढं. केतकी म्हणाली, “दॅट्स इट, आई. दॅट्स द होल थिंग.” पोरीला भाषण कळतं! कबूल नाही केलं.

मंगळ., १३ मे

लिहू की नको.

माईक. समोर दिवा: हिरवा, पिवळा, लाल. उभी राहिले आणि जन्माची सवय तोंडातून आपोआप... सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांनी ही संधी दिली ते सर्व, उपस्थित बंधुभगिनी, विरोधी पक्षाचे श्री. ब्रेंडन. सगळं इंग्रजीत, सगळं ओळीनं. कोणाला विसरायचं म्हणजे अपमान ना! आभार संपेपर्यंत पिवळा. “माझा मुद्दा असा...” लाल. माईक बंद. केतकीनं चेहरा हातात धरलेला.

पुढचं नाव पुकारलं: दिलीप! यानं बोलायला नावाची चिठ्ठी कधी दिली? चाळीस वर्षांत सोसायटीच्या मीटिंगलाही तोंड न उघडलेला माणूस काठी टेकत गेला. साध्या इंग्रजीत म्हणाला: “माझा गुडघा वाईट आहे. ही वाट मला जमते. पाटी मी वाचली होती. खांब कापलाय, येऊन बघा. आम्ही जेवतो, कचरा परत आणतो. थँक यू.” दिवा हिरवाच.

गाडीत विचारलं, तुला तर ती वाट गुपित हवी होती? “हो. पण तू लाल दिव्यापाशी उभी राहिलेली मला बघवेना.”

निकाल १० जूनला. तोवर फाटक बंदच.

शनि., ३१ मे

भारी दिवस. सविस्तर.

केतकीचा शोध: ओली वाळू सगळ्यांची, ती कुणालाच अडवता येत नाही. सकाळी मोठी ओहोटी. शेजारच्या मोठ्या बीचवरून कड्याला वळसा घालून ओल्या वाळूनं खिशात शिरलो, तिघंही. दिलीप मध्ये, आम्ही दोघी दोन बाजूंना. सील तेच. डबा उघडला.

वरून कुत्रा धावत आला, मागून ब्रेंडन. मला वाटलं हाकलतोय. तो जवळ येऊन उभा राहिला, खिशात हात. “मॅम, त्या दिवशी तुमचा मुद्दा काय होता?”

बस म्हटलं. बसला. हातात थालीपीठ दिलं. या वेळी अध्यक्ष नाही, मान्यवर नाही, दिवा नाही. रोमन कायद्यापासून घेतलं. मिठाचा सत्याग्रह घेतला, केतकीकडे बघून घेतला. तो प्रश्न विचारायचा, चांगले विचारायचा: पडलं कोणी तर खरंच काय? रात्री बाटल्या फोडल्या तर? त्यालाही मी उत्तर देत गेले. पोराला ऐकता येतं. कुत्रा दिलीपच्या पायावर झोपला.

केतकी मध्येच: “आई. आई, टाइड.”

पाहिलं तर कड्याखालची वाळू गेलेली. लाट थेट खडकावर आपटत होती. परतीची वाट बंद. माझं बोलणं भरतीपर्यंत लांबलं होतं!

ब्रेंडन हसला. मग उठला, दिलीपला हात दिला आणि आपल्या उतारानं सगळ्यांना वर घेऊन गेला. किल्लीनं कुलूप काढलं, फाटक उघडून धरलं. खांबाच्या बुंध्याजवळून जाताना खाली बघत होता. मी तेव्हाही बोलतच होते, बाटल्यांच्या मुद्द्यावर.

गाडीत म्हटलं, मागे कुलूप लावल्याचा आवाज आला नाही.

दिलीप म्हणतो, आला असेल. तुझं बोलणं चालू होतं.