अक्काच्या पोळीवर तूप नाही

नेकनूर. मार्गशीर्ष वद्य पंचमी, सन १३३० फसली.

आज आईचं तेरावं झालं. पाहुणे जेवून गेले.

बायकांच्या पंगतीत काकू तूप वाढत होत्या. सुनांच्या पोळ्यांवर धार धरली. अक्कापाशी आल्या आणि भांडं उचलून पुढे गेल्या. वर्षभर आईचं हगणंमुतणं माझ्या या विधवा बहिणीनं काढलं.

मी म्हणालो, "काकू, अक्का राहिली."

"राहिली न्हाई रे बाबा. रांडव बाईला तूप कशाला? तिला का आता नटायचंय?"

बायका हसल्या.

दुजाभावानं वाढलं म्हणू? डावं-उजवं करून? हात आखडून तर नाहीच. हात आखडला असता तर थेंब तरी पडला असता. अक्काची पोळी कोरडीच होती.

मी भांडं ओढून घेतलं आणि तिच्या पोळीवर पालथं केलं. अक्का न जेवताच उठली.

"चार बायांत माझा तमाशा कावून केलास?"

मग आत जाऊन तिनं दार लावलं. काकूंचा राग अजून जात नाही. पण अक्का माझ्यामुळे उपाशी राहिली, त्याचं काय?

उष्टी रोज अक्काच काढते. आज मी एकट्यानं काढली.