फळ्यावरचं ‘प्रोक्लेम’

६ जानेवारी १९८५, रविवार
सोसायटीच्या फळ्यावर इतकी वर्षं ‘कळविण्यात येते की’ लिहिलं. बंद. सेक्रेटरी आहे मी, पोस्टमन नव्हे. डिक्शनरी काढली. ‘अनाउन्स’ कोणीही करतो, बोरीवली स्टेशनवर दिवसभर तेच चालतं. ‘प्रोक्लेम’ म्हणजे सर्वांसमक्ष, अधिकाराने जाहीर करणे. राजे करतात, सरकारं करतात. यापुढे मीही.

८ जानेवारी
पहिली नोटीस इंग्रजीत झळकली. कमिटी हिअरबाय प्रोक्लेम्स, रविवारी टाकी धुणार, दिवसभर पाणी बंद. अक्षर झकास. तळमजल्यावरचे गुणाजी तांडेल म्हणाले, मराठीत सांगा. मी म्हटलं, प्रोक्लेम केलेलं सांगायचं नसतं, पाळायचं असतं. बायकोनेही, रत्नप्रभाने, विचारलं. तिलाही फळा दाखवला. घरच्यांना वेगळा न्याय नाही.

१० जानेवारी
दोन गृहस्थ फळ्यासमोर बराच वेळ गंभीर उभे. परिणाम होतोय.
(रात्री कळलं, शेजारच्या मीटरचं रीडिंग घेत होते.)

१३ जानेवारी, रविवार
वाट लागली. एकाही घराने पाणी भरलं नाही. खालच्या मजल्यावरच्या जयवंतच्या मुलीला बघायला नेमके आजच पाहुणे, आणि चहाला पाणी नाही. वर येऊन दारात ओरडला, “तुझं इंग्लिश उकळून पाजू काय रे त्यांना?” मी शांतपणे उत्तर दिलं. ते तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं म्हणे. अडाणी लोक! आमच्याही बादल्या कोरड्या. रत्नप्रभा आंघोळीला बहिणीकडे कांदिवलीला निघून गेली. हिनेसुद्धा फळा वाचला नाही. डोकं नुसतं भणभणतंय.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ फक्त रत्नप्रभाने दिला. तोही न बोलता.

२० जानेवारी
तातडीची सभा. मला काढून बालवाडीच्या सुलक्षणाबाईंना सेक्रेटरी करायचा ठराव. सगळ्यांचे हात वर. मी ठणकावलं, मला मान्य नाही, राजीनामा देणार नाही. मी सर्वांसमक्ष होकार देईपर्यंत पंपाची किल्ली माझ्याकडेच. शनिवारी सोसायटीची पूजा आहे. तिथे माईकवरून प्रोक्लेम करणार की सेक्रेटरी मीच. बघतो कोण अडवतं.

२६ जानेवारी, शनिवार
सत्यनारायण झाला. भाषण खिशात, मी माईककडे निघालो. पण प्रसादाआधी देवाला गाऱ्हाणं. आम्ही सगळे कोकणातले, त्याशिवाय पूजा पुरी होत नाही. गुणाजींनी नारळ हातात धरला आणि चढ्या आवाजात सुरू केलं. बा देवा म्हाराजा, सगळ्यांक सुखी ठेव. व्हय म्हाराजा! पोरांक पास कर. व्हय म्हाराजा! जयवंताच्या चेडवाचा लगीन जमव. व्हय म्हाराजा! मीही सगळ्यांबरोबर. लहानपणापासून अंगवळणी पडलेलं, तोंड आपोआप उघडतं.

“जुन्या शेक्रेटरीचा काय चुकला-माकला ता पोटात घाल, आणि आजपासून सुलक्षणाबाय आमची शेक्रेटरी, तिका यश दे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. माईक जवळच होता. सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. सुलक्षणाबाईंनी हात पुढे केला. किल्ली दिली.