आपण सोडून सर्व

आदरणीय दादा यांना,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे आठांपैकी पाचच अंगं जमिनीला टेकली, उरलेली मनाने टेकली असं समजावं.) तुमची प्रकृती कशी आहे? वहिनींचा गुडघा काय म्हणतो? एरवी मी 'आपली प्रकृती' असं लिहिलं असतं, कारण तुम्ही माझ्या बायकोचे थोरले भाऊ, त्यातून तीस वर्षं व्याकरण शिकवलेले. पण तो शब्द सध्या मी फार जपून वापरतो. का, ते सांगण्यासाठीच हे पत्र. इकडे तुमची बहीण खुशाल आहे. तुमची भाची खुशाल आहे. मी जळून मेलो.

सावरून सांगतो. निवृत्तीनंतर तुम्ही भाचीसाठी तो मंत्र-तलवारींचा खेळ रचलात, नियमांची पुस्तिका छापून घेतलीत आणि तिच्या वाढदिवसाला पाठवलीत, तेव्हापासून दर रविवारी दुपारी जेवणाची ताटं उचलली की आमच्या टेबलावर चौकटींचा कागद पसरतो. भाची गोष्ट सांगते, राक्षसांच्या वतीने फासे टाकते आणि वाद झाला की निवाडाही तीच देते. मी ढालवाला योद्धा. तुमची बहीण मांत्रिक. (प्रयोगशाळेत दिवसभर लोकांचं रक्त तपासते, त्यामुळे रविवारी तरी रक्त न सांडता मारायचं, असं तिचं म्हणणं.) वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई आमच्यातल्या चोर. माझ्या चष्म्याच्या दुकानातले बारके स्क्रू म्हणजे राक्षस, आणि नाकावर टेकतात त्या मऊ गाद्या म्हणजे आम्ही.

परवाच्या रविवारी गुहेच्या तोंडाशी सात राक्षसांनी मला घेरलं. या दोघी मागे. मी छातीचा कोट करून उभा. (मनातल्या मनात, प्रत्यक्षात खुर्चीत मांडी घालून.) "टाक तुझा आगीचा लोळ, माझी काळजी करू नकोस!" असं मी बायकोला बेधडक म्हणालो, कारण पुस्तिका मला तोंडपाठ. पान एकतीस, तुमचेच शब्द: 'पंधरा पावलांच्या आत जे कोणी असतील ते, आपण सोडून, सर्व होरपळतात.' तिने लोळ टाकला. भाचीने सातपैकी सहा स्क्रू उचलून डबीत टाकले, आणि मग माझ्या गादीवर बोट ठेवलं.

"बाबा, तू सहा पावलांवर आहेस. तुझे फासे टाकते."

मला वाटलं, पोरगी थट्टा करतेय. मी म्हणालो, अगं, 'आपण सोडून' म्हणजे आपली माणसं सोडून! ती म्हणाली, आपण म्हणजे मंत्र टाकणारा. मी आशेने डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "मी रोज पेशंटला सांगते, आता आपण दाढ काढू या. जाते एकाचीच."

शेवटी मी बायकोकडे वळलो. माझा विश्वास होता की ही तरी कळवळून उठेल. ती टेबलावरचे कण गोळा करत होती.

"आपण म्हणजे मीच की," ती म्हणाली.

दादा, माझ्या पायाखालची जमीनच सरकली. मी म्हटलं, अगं, आपण म्हणजे आपण दोघं! आपण गच्चीवरची टाकी धुवायला हवी, असं मी म्हणतो ना?

"म्हणता. धुतं कोण?"

मी पुस्तिकेची पानं उलटू लागलो.

"आपण कपाट आवरू, आपण पाहुण्यांना जेवायला बोलवू, आपण गॅसवाल्याला फोन करू. तेवीस वर्षं तुम्ही 'आपण' म्हणालात की ती मीच असते. ऐकून ऐकून मला अर्थ पाठ झालाय. दादाने तो फक्त छापला."

बुडत्याला काडीचा आधार, म्हणून मी पान बारा काढलं: 'ढाल समोर धरल्यास समोरून आलेला वार अर्धा लागतो.' लोळ तर मागून आला. मग मी म्हणालो, बायकोने मंत्र म्हणताच मी वळून तिच्याकडे पाहिलं, सबब लोळ समोरूनच आला. भाचीने मान्य केलं. (पोरगी न्यायी आहे, तुमच्यावर गेली आहे.) आगीने मी अर्धाच जळलो. "पण वळलास म्हणजे तुझी पाठ राक्षसाकडे झाली," असं म्हणत तिने उरलेल्या सातव्याचे फासे टाकले. सहा, सहा, पाच. विझायलाही वेळ मिळाला नाही.

सोमवारी दुकानात एका गिऱ्हाइकाची नजर तपासत होतो. "आता आपण खालची ओळ वाचा," असं सवयीने तोंडून गेलं आणि मी दचकलो. तोवर मागच्या खुर्चीवरून त्याची बायको ओळ वाचून मोकळी झाली होती, आणि तो नुसता "बरोबर" म्हणाला. मी दोघांकडे बघतच राहिलो. हे माझ्या दुकानात किती वर्षं चाललंय कोण जाणे! मी समजत होतो, आमच्या भागातल्या पुरुषांची नजर चांगली आहे.

संध्याकाळी राहवलं नाही. ती कणीक मळत होती. मी विचारलं, लोळ टाकण्याआधी एक क्षण तरी थांबलीस का गं? "थांबले की," ती म्हणाली, "सहाच पावलं आहेत ना, ते नीट मोजलं." आणि जी हसत सुटली, ती ओट्याला धरून खाली बसली. इतकं खळखळून हसताना मी तिला कैक महिन्यांत पाहिलं नव्हतं. आणि त्याचं कारण माझं मरण असावं, हा धक्का आगीहून जबर. बुधवारी मी गच्चीवरची टाकी धुतली. एकट्याने. (कंबर त्यातलीच.) तिने वर येऊन आत डोकावून पाहिलं, "कोपरा राहिलाय" म्हणाली, आणि माझ्यासाठी आणलेला चहा कठड्यावर ठेवून गेली.

वहिनींना नमस्कार. कळावे, लोभ असावा.

तुमचा (आणि सध्या फक्त तुमचाच),
कै. मेहुणा

ता. क. – मुख्य काम राहिलंच. नियम तुमचे, तेव्हा 'आपण म्हणजे मांत्रिक व त्याचे सर्व सोबती' असा खुलासा सहीनिशी पाठवावा. तारीख परवाच्या रविवारच्या आधीची घालता आली तर बरं.

ता. क. २ – मात्र हा खुलासा पान चोवीसला लागू करू नये. तिथे 'संजीवनीची कुपी सापडल्यास आपण प्यावी' असं आहे. गेल्या महिन्यात ती मला सापडली. तुमच्या बहिणीचा मांत्रिक तेव्हा माझ्या पायाशी विव्हळत पडला होता. मला साधं खरचटलं होतं. 'आपण' म्हणजे पिणारा, असा अर्थ त्या दिवशी या टेबलावर पहिल्यांदा मीच लावला.

ता. क. ३ – आधीचं सगळं राहू दे. भाचीने मला नवा जन्म दिला आहे, आईच्या शिफारशीवरून हमालाचा. पान चाळीसवर छापलंय: 'हमालाने आपले सामान उचलावे.' आपले म्हणजे कोणाचे, तेवढं उलट टपाली कळवा. रविवारी दुपारी डोंगर चढायचाय, आणि हिने आत्तापासूनच सामानाची यादी करायला घेतली आहे. तिसरं पान चालू आहे.