हायासेसानांच्या रथाला आमचा कळस

गुरुग्राम,
कोजागिरीनंतरचा सोमवार

तीर्थस्वरूप अविनाशराव यांस,

श्यामकांतचा शिरसाष्टांग नमस्कार. आपला गुडघा, आपले कान आणि आपली सकाळची फेरी हे तिन्ही नीट चालू असतील अशी आशा करतो. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. अहिल्येची शुगर ताब्यात आहे, यतीनची नोकरी शाबूत आहे आणि हवा अजून श्वास घेण्याजोगी आहे. (दिवाळीनंतर तीही राहायची नाही, पण इथे त्याबद्दल कोणी पत्र लिहीत नाही.)

फोन सोडून पत्र का, असं आपल्या मनात आलं असेल. त्याचं कारण आपले कान. आपण फोन स्पीकरवर ठेवून बोलता, त्यामुळे मलाही मोठ्यानं बोलावं लागतं आणि आमच्या फ्लॅटच्या भिंती अशा की माझं बोलणं अहिल्येला देवघरात आणि वरच्या मजल्यावरच्या अरोरांना बाल्कनीत ऐकू जातं. मोबाइलवर लिहून पाठवावं तर आपल्याकडे चि. तेजश्री सगळे मेसेज सासऱ्यांना वाचून दाखवते, सूनबाई गुणी आहे, पण तिचं आणि आत्येसासूचं, म्हणजे अहिल्येचं, रोज बोलणं असतं. तेव्हा हे पत्र आपण चष्मा लावून, एकट्यानं आणि शेवटपर्यंत वाचावं ही विनंती. शेवटी थोडं काम आहे. ते किरकोळ आहे.

तर आमच्या सोसायटीत जपानी माणसं बरीच आहेत, हे आपण मागे आला होतात तेव्हा लिफ्टमध्ये पाहिलंच आहे. (ज्यांना आपण नेपाळचे समजून पशुपतिनाथाची चौकशी केलीत तेच हायासेसान. ‘सान’ म्हणजे आपलं ‘राव’. त्या हिशोबानं आपण अविनाशसान.) हे गृहस्थ मानेसरच्या कारखान्यात यतीनचे साहेब आहेत. गाव त्यांचं जपानातल्या डोंगरात कुठेतरी आहे. तिथे भातकापणी झाली की शरदात जत्रा भरते, प्रत्येक आळीचा आपापला लाकडी रथ असतो, त्यावर कोरीवकाम, पडदे, कंदील, आत ढोल-बासरीवाले बसतात आणि सगळी आळी दोर धरून तो गावभर ओढते. हायासेसान लहानपणापासून तो दोर धरत आले. पण नोकरी अशी की कित्येक वर्षं त्यांना शरदात घरी जाता आलं नाही. आता मार्चमध्ये ते कायमचे परत जाणार, तेही दुसऱ्या शहरातल्या कचेरीत. म्हणून त्यांनी ठरवलं की यंदा रथ इथेच करायचा आणि सोसायटीत ओढायचा. हे त्यांनी यतीनला सांगितलं, यतीननं घरी सांगितलं आणि मी विचारलं की दोर ओढायला माणसं कोण लावणार? इथे माझा त्या प्रकरणाशी संबंध आला. तो मी मुद्दाम जोडला नाही. सरकारी कॉलनीत होतो तेव्हा गणपतीची मिरवणूक माझ्याकडेच असायची, हे आपल्याला माहीत आहे. निवृत्तीनंतर इकडे आलो तर इथल्या मंडळानं मला ‘मार्गदर्शक’ केलं, म्हणजे खुर्ची दिली आणि काम काढून घेतलं. हायासेसानांनी मात्र घरी येऊन, वाकून, मला सल्लागार होण्याची विनंती केली. मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

रथ त्यांनी तळघरातल्या पार्किंगमध्ये बांधला, रविवारी रविवारी, कारखान्यातली चार माणसं घेऊन. अविनाशराव, काम म्हणावं तर असं. खिळा एक नाही, सगळी खाचेत खाच. तळघरातून वर यायला जो उतार आहे त्याच्या तोंडाशी एक काँक्रीटची तुळई आहे, काळेपिवळे पट्टे मारलेली. ती हायासेसानांनी तीन ठिकाणी मोजली, सकाळी मोजली, दुपारी उन्हात मोजली आणि रथाची उंची अशी ठेवली की वर चार बोटं जागा राहावी. हे त्यांनी प्रत्येकाला सांगितलं. मलाही सांगितलं. मी मान डोलावली.

खाण्याचंही सांगतो, कारण अहिल्या त्या दिवशी कुठे होती हे आपल्याला कळायला हवं. त्यांच्या जत्रेत ताकोयाकी नावाचे गोळे मिळतात, बाहेरून कुरकुरीत आणि आत ऑक्टोपस. सोसायटीच्या कमिटीनं कळवलं की कॉमन एरियात नॉनव्हेज चालणार नाही. हायासेबाईंनी डोळे मिटून घेतले, उघडले आणि पनीर घालायचं ठरवलं. मग त्यांचा तवा पाहिला तर ते आपलं आप्पेपात्रच निघालं. अहिल्या म्हणाली, हे काय, माझ्याकडे बिडाची दोन आहेत. तिथून दोघींची अशी गट्टी जमली की विचारू नका. एकीला मराठी येत नाही, दुसरीला जपानी, आणि दोघी हिंदीत चुका करतात. आणखी एक तांदळाच्या पिठाचे गोळे होते काडीला टोचलेले, चवीला उकडीच्या मोदकात सारण घालायचं राहून गेलं तर लागतील तसे. भाजलेली रताळी तर त्यांच्याकडे शरदाचा मानाचा पदार्थ. गेटवर शकरकंदीवाला निखाऱ्यावर रताळी भाजतो तो पाहून हायासेबाईंचे डोळे भरून आले, म्हणून त्याला आत बोलावून मानानं बसवला. त्यानं सवयीनं वरून लिंबू पिळलं, मसाला टाकला, आणि सगळ्या जपान्यांनी रांग लावून दुसऱ्यांदा घेतली. तर सांगायचा मुद्दा, अहिल्या त्या दिवशी लॉनच्या पलीकडे आप्पेपात्रावर होती आणि तिला उताराकडचं काही दिसलं नाही.

सकाळी मी तळघरात गेलो. रथ तयार. दसऱ्याचा उरलेला झेंडू आमच्या मंडळींनी चहूबाजूंनी बांधला होता, कंदील लावले होते, यतीन आखूड निळा अंगरखा घालून ढोलाशी बसला होता (पोट दिसत होतं, पण साहेबांनी दिलेला अंगरखा, बोलायचं कोणी). सगळं सुरेख, पण माथा मोकळा. रथाला कळस नाही. अविनाशराव, आपण सांगा, रथ देवाचा असो की जपानचा, कळसाशिवाय तो घराबाहेर काढतात का? मला तो बोडका वाटला. मी वर गेलो. अहिल्या खाली पीठ भिजवत होती. तिच्या कपाटातून एक तांब्याचा कळस आणला, पाणी भरलं, आंब्याची पानं इथे मिळत नाहीत म्हणून अशोकाची लावली, वर नारळ ठेवला आणि स्टुलावर चढून, तारेनं, असा पक्का बांधला की बांधकाम खात्यात उभ्या नोकरीत मी इतकं पक्कं काही केलं नव्हतं. हळदकुंकू वाहिलं. चार शब्द म्हटले.

हायासेसान आले. वर पाहिलं. दातांतून हवा आत ओढली, मान तिरकी केली आणि हिंदीत म्हणाले, “श्यामकांतसान, थोड़ा मुश्किल है.” आता माझी सगळी हयात सरकारी खात्यात गेली. आमच्याकडे ‘थोडं कठीण आहे’ याचा अर्थ काम होणार आहे, जरा चिकाटी ठेवा. मी म्हटलं, कोई बात नहीं, हो जाएगा. ते वाकले. मीही वाकलो. जपानी माणूस असं म्हणतो तेव्हा तो साफ नाही म्हणत असतो, हे यतीननं मला नंतर सांगितलं. आधी सांगायला हवं होतं.

दोराला माणसं लागली, अर्धी त्यांची आणि अर्धी आपली. ते ‘वाश्शोई’ म्हणत होते, आपले ‘मोरया’ म्हणत होते आणि ठेका दोन्हींचा जुळत होता. रथ डौलात उतार चढला. तुळईखाली आला आणि थांबला. वरून करकर असा आवाज झाला. यतीन ढोल थांबवून ओरडला, “बाबा, ओढू नका.” वॉचमन इंद्रजित धावत आला, “अंकलजी, पीछे लो, पीछे लो.” पण मागे घ्यावा तर उतार आणि उताराखाली माणसं. मला वाटलं, थोडक्यात अडलंय, आणि मी म्हणालो, जोर लावा. आपल्या मंडळींना ‘जोर लावा’ एवढं ऐकलं की पुढचं दिसत नाही. त्यांनी जोर लावला. नारळ फुटला. नारळ फुटणं शुभ, म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कळसातलं पाणी यतीनच्या डोक्यावर पडलं, आणि कळसाला थोडा पोचा आला.

मागे गाड्यांची रांग लागली. एकाला विमान गाठायचं होतं, तो खिडकीतून हात काढून ते सांगत होता. कळस काढा, असं सगळेच म्हणू लागले, पण हात लावेना कोणी. कळस शकुनाचा, ज्यानं बसवला त्यानंच काढावा, असं अरोरांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. आणि खरं सांगू का, मलाही ते पटलं. मी त्यावर चार शब्द म्हटले होते. पूजलेला कळस सांडशीनं उपटायचा, हे मला जमलं नसतं. मी म्हटलं, आधी उत्तरपूजा. अक्षता नव्हत्या, हायासेबाईंनी गोळ्यांवर टाकायचे तीळ पाठवले. मी स्टुलावर चढलो, डोळे मिटले आणि ‘यान्तु देवगणाः’ म्हटलं. खाली हायासेसान टोपी काढून, हात जोडून उभे. त्यांचं पाहून सगळे उभे. विमानवालाही गाडीतून उतरला. मग एका कॅबवाल्यानं टायर काढायची पहार आणली आणि कळस निघाला. पोचा जरा मोठा होता. पक्की बांधलेली तार सुटता सुटेना, तेव्हा त्यात आणखी दोन पडले.

पुढे रथ वर आला, सोसायटीभर फिरला, लहानथोरांनी ओढला. हायासेसानांनी एकदाही दोर सोडला नाही. कोणी पाणी दिलं तर दुसऱ्या हातानं प्यायले. शेवटी रथ थांबला तेव्हा ते दोर धरूनच उभे होते, आणि चेहऱ्यावरून घाम कुठला आणि दुसरं काय, ते ओळखता येत नव्हतं. मला भरून आलं. माणूस मार्चमध्ये जाईल, पण एवढं झालं.

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी मला अडचणीत आणलं. मिठाईचा डबा घेऊन सपत्नीक दारात, आणि कमरेत वाकून माफी, की कळसासाठी जागा सोडली नाही ही चूक त्यांची. दार अहिल्येनं उघडलं होतं. मी मध्ये पडून सांगितलं की हे यतीनच्या प्रमोशनबद्दल आले आहेत. आता ती रोज यतीनला विचारते आणि यतीन माझ्याकडे बघतो. त्याच्या मागे तर वेगळंच लागलं आहे. कारखान्यात काही अडलं की पाच वेळा ‘का’ विचारायचं अशी यांची पद्धत. रथ का अडला? कळस होता म्हणून. कळस का होता? बाबांनी बसवला म्हणून. बाबांनी का बसवला? रथ बोडका दिसला म्हणून. का दिसला? चौथ्याचं उत्तर त्यानं ‘संस्कार’ असं लिहिलं आहे, आणि पाचवा ‘का’ साहेबांनीच खोडला.

असो. थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. कळावे, लोभ आहे तो वाढावा.

आपला,
श्यामकांत

ता. क. किरकोळ काम राहिलंच. तो कळस म्हणजे कै. सासूबाईंच्या जोडीतला. एक अहिल्येला मिळाला, एक आपल्याकडे आहे. लक्ष्मीपूजनाला अहिल्या तोच मांडते, तिला दुसरा कुठलाही चालत नाही. आपल्याकडचा कळस कोणाबरोबर तरी धनत्रयोदशीच्या आत पाठवावा. आमचा मी तिकडे पाठवतो. आपल्याकडे सांगलीला तांबट आहेत, इथे फक्त मोबाइल दुरुस्त होतात. पोचे निघतील असं वाटतं. (वरून पाहिला तर सध्या तो ताटलीसारखा आहे.)

ता. क. दुसरा : अहिल्येला काही माहीत नाही. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी काही टाकलं असेल तर मला कल्पना नाही, सुविचार पाठवतो म्हणून त्यांनी मला काढलं आहे. आपला पिनकोड मला आठवत नाही, तेवढा अहिल्या पाकिटावर घालेल. काळजी नसावी, पाकीट मी डिंकानं बंद करून देतो आहे.

ता. क. तिसरा (अक्षर माझं, अहिल्येचं) :

ती. दादास नमस्कार. डिंक वाफेवर सुटतो. आप्पेपात्र चुलीवर होतंच.

दादा, कळसाचं मला त्याच दुपारी कळलं. ग्रुपवर व्हिडिओ आहे, तोही तीन बाजूंनी. आईचा कळस होता, म्हणून संध्याकाळी स्वयंपाकघरात थोडी रडले. नंतर व्हिडिओ पुन्हा पाहिला. मागे एवढे हॉर्न वाजताहेत आणि हे स्टुलावर डोळे मिटून आईच्या कळसाची उत्तरपूजा करताहेत, शेजारी ते हायासेसान हात जोडून. आईला ते आवडलं असतं असं मला वाटलं. मग राग गेला. पण हे स्वतःहून सांगतात कधी, ते मी बघते आहे.

आठवडा झाला, सांगत नाहीत. सकाळचा चहा करून हातात देतात. मेथी निवडतात. काल न सांगता पंखे पुसले, आणि भाजणी गिरणीवरून मीच आणतो म्हणाले. इतक्या वर्षांच्या संसारात मला असा दिवाळीआधीचा आठवडा मिळालेला नाही. कळस यांनी माळ्यावर गालिच्यात गुंडाळून लपवला आहे, तो मी शोधला. लक्ष्मीपूजनाला तोच मांडणार आहे, ताटलीसारखा असला तरी. तोवर चकल्या व्हायच्या आहेत, आणि सोऱ्या फिरवायला माझा खांदा दुखतो.

तेव्हा तू कळस पाठवू नकोस. उत्तर मात्र यांच्या नावानं लगेच पाठव, आणि एवढंच लिही की थोडं कठीण आहे.